निहारिका 'निहारना'तून आलेली नाही

प्रश्न आला आहे : क्रॅब नेब्युला या अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगाला मराठीत 'कर्क तेजोमेघ' म्हणावं की 'निहारिका', आणि त्याच्या पोटातल्या तरुण पल्सारला, म्हणजे वेगानं फिरणाऱ्या मृत ताऱ्याच्या गाभ्याला, काय म्हणावं?

'कर्क' तर नकोच. ती वस्तू वृषभ राशीत, बैलाच्या शिंगाच्या टोकाशी आहे. खेकडा म्हणा.

आता निहारिका. आमच्या इंदूरात गणेशोत्सवातल्या व्याख्यानांत हमखास ऐकू येतं, 'निहारत राहावी अशी, म्हणून निहारिका!' साफ चूक. हिंदीच्या शेजारात आपले कान फसतात. निहारिका आली 'नीहार'पासून, नीहार म्हणजे धुकं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात 'नीहारेण प्रावृता' आहे, धुक्यानं वेढलेले. हिंदी 'निहारना'चं घराणं वेगळं. ते संस्कृत 'निभालन'मधून आलं, आणि त्याच घराण्यातलं आपलं 'न्याहाळणे'! दोन्हीकडे भ चा ह झाला; पुढे ल चा हिंदीत र, आपल्याकडे ळ. दोरा ओवण्याआधी आजी सुईचं नेढं न्याहाळते आणि शेजारच्या भाभीजी नातवाला निहारतात, ते क्रियापद मुळात एकच.

आणि लॅटिन 'नेब्युला'? ती आपल्या 'नभस्'ची सख्खी बहीण. जर्मन 'नेबेल' म्हणजे धुकं, ग्रीक 'नेफेले' म्हणजे ढग, सगळी एकाच मुळाची. वेदांत नभस् म्हणजे ढग, धुकं; आकाश हा अर्थ मागाहून चिकटला. म्हणजे धुक्याला धुकंच म्हणणारी 'निहारिका' मूळ शब्दाच्या किती जवळ आहे बघा!

तरी कोशवाले 'तेजोमेघ'च धरून बसतात. मृग नक्षत्रात घोड्याच्या डोक्याच्या आकाराचा काळाकुट्ट मेघ आहे. त्याला मग 'कृष्ण तेजोमेघ' म्हणायची पाळी येते. तेज नाही आणि नाव तेजोमेघ! हा शब्द घडवताना कुणी त्या काळ्या मेघाचा विचारच केला नाही, असं माझं ठाम मत आहे. खेकड्याला तो शोभतो, कारण त्याला आतून तेज पुरवणारा पल्सार आहे. १०५४ साली चिनी निरीक्षकांना तिथे नवा तारा दिसला, तो २३ दिवस भर दुपारीही दिसत होता. तो खरं तर एका ताऱ्याचा स्फोट होता. त्यातून उरलेला गाभा म्हणजे हा पल्सार, ताऱ्यांच्या हिशेबात अगदी पोर.

हो, पल्सारचं राहिलंच. 'स्पंदक' मला पटत नाही. तो स्पंदत नाही, सेकंदाला सुमारे ३० वेळा गरगर फिरतो आणि दीपगृहासारखा त्याचा झोत दर फेरीला आपल्यावरून जातो. पल्सारच लिहा.