बटण दाबलेले नसतानाही रोबो का सुटतो?

प्रश्न : मी आर्डुइनो ऊनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड वापरून काळ्या रेषेवरून चालणारा छोटा रोबो बनवला आहे. तो चालू-बंद करण्यासाठी चार पायांचे पुश बटण लावले असून त्याची एक तार ५ व्होल्टला आणि दुसरी ७ क्रमांकाच्या पिनला जोडली आहे. बटण दाबल्यावर रोबो चालतो. पण कधी तारेजवळ नुसता हात नेला तरी चाके फिरू लागतात, तर कधी एकदाच दाबूनही तो सुरू होऊन लगेच थांबतो. बटण दोनदा बदलून पाहिले, तरी फरक पडला नाही. चूक कुठे होते आहे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : बटण बदलण्याची गरज नव्हती. तुमच्या पत्रातील दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत, आणि त्यांपैकी एकही बटणाच्या खराबीशी संबंधित नाही.

बटण दाबल्यावर पिनवर ५ व्होल्ट येतात, इथवर ठीक आहे. पण बोट उचलल्यावर ती पिन कशालाच जोडलेली राहत नाही. ५ व्होल्ट गेले म्हणजे शून्य झाले असे आपण गृहीत धरतो, आणि घोटाळा तिथेच होतो. इनपुट म्हणून ठेवलेली पिन जवळजवळ प्रवाहच घेत नसल्याने तिच्यावरील विद्युतभाराला निघून जायला वाट उरत नाही, आणि तिला जोडलेली तार अँटेनासारखी हाताचा, मोटरचा किंवा घरातील वायरिंगचा प्रभाव उचलू लागते. ऊनोवरील एटीमेगा ३२८पी ही चिप ३ व्होल्टच्या वरचे व्होल्टेज निश्चितपणे ‘हाय’ (१) आणि दीड व्होल्टच्या खालचे निश्चितपणे ‘लो’ (०) मानते. मधल्या पट्ट्यात ती काय वाचेल, याचा भरवसा नाही.

म्हणून बटणाची ५ व्होल्टला गेलेली तार काढून ग्राउंडला (बोर्डावरील शून्य व्होल्टच्या GND पिनला) जोडावी आणि प्रोग्रॅममधील पिनमोडच्या (pinMode), म्हणजे पिनचे काम ठरवणाऱ्या ओळीत ‘इनपुट’ऐवजी ‘इनपुट_पुलअप’ (INPUT_PULLUP) लिहावे. त्यामुळे चिपच्या आतील २० ते ५० किलोओहमचा रेझिस्टर (प्रवाहाला विरोध करणारा घटक) पिनला ५ व्होल्टकडे ओढून धरतो आणि बटण दाबताच ती थेट ग्राउंडला जोडली जाते. मात्र आता न दाबलेले बटण ‘हाय’ आणि दाबलेले बटण ‘लो’ वाचले जाईल. ही अट उलटवायला विसरलात तर वीज देताच रोबो टेबलावरून धावत सुटेल, तेव्हा पहिली चाचणी चाके अधांतरी धरूनच घ्यावी. बटणाची तार मोटरच्या तारांना लागून जात असेल, तर पिन आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर बाहेरून लावणे अधिक चांगले.

जोडणीसाठी बटणाचे कर्णरेषेतील, म्हणजे तिरक्या कोपऱ्यांतले दोन पाय घ्यावेत. चार पायांपैकी दोन-दोन आतून कायमचे जोडलेले असतात, आणि चुकून तीच जोडी निवडली तर रोबोच्या दृष्टीने बटण सतत दाबलेलेच राहते. मल्टिमीटर असल्यास तो बझरवर (दोन टोके जोडलेली असल्यास आवाज करणाऱ्या सेटिंगवर) ठेवून खात्री करता येते. १३ क्रमांकाची पिनही बटणासाठी टाळावी, कारण बोर्डावरचा एलईडी तिलाच जोडलेला असतो.

आता दुसरी तक्रार. बटणातील धातूची पट्टी एका दमात टेकत नाही. ती काही मिलिसेकंद थरथरते, आणि तेवढ्या वेळात चिप एका दाबाचे तीन-चार दाब मोजते. त्यांची संख्या सम आली की रोबो सुरू होऊन थांबतो. यावर उपाय असा, की बदल दिसल्यावर सुमारे ३० मिलिसेकंद जाऊ द्यावेत आणि तोच बदल टिकून असेल तरच तो मानावा. हे थांबणे ‘डिले’ने (प्रोग्रॅम थांबवून ठेवणाऱ्या delay या आज्ञेने) करू नये. ‘डिले’ चालू असताना रेषेचे सेन्सर वाचले जात नाहीत, आणि सेकंदाला अर्धा मीटर धावणारा रोबो तेवढ्यात दीड सेंटिमीटर आंधळेपणाने पुढे जातो. वळणावर रेषा सुटायला एवढे पुरते. त्याऐवजी बदल दिसला ती वेळ ‘मिलिस’ने (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणाऱ्या millis या आज्ञेने) नोंदवून ठेवावी आणि लूपच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या सतत पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाच्या, प्रत्येक फेरीत किती वेळ उलटला ते तपासावे.