चीनची हदीस आणि सुनेची डॉक्टरकी

प्रश्न : आमच्या घरात सध्या एकच वाद चालूय. धाकट्या सुनेला लग्नानंतर डॉक्टरकी पूर्ण करायचीय आणि आमचे हे म्हणतात की हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, जो इल्म (ज्ञान) फर्ज (बंधनकारक) सांगितलाय तो दीनचा (धर्माचा), बाकी सगळं दुनियावी. मी त्यांना 'इल्म मिळवा, चीनला जावं लागलं तरी' ही हदीस ऐकवली तर म्हणे ती खोटी आहे. कोण बरोबर?

उत्तर : चीनच्या बाबतीत ते बरोबर आहेत, मान्य करून टाका. हदीसच्या जाणकारांनी तिची सनद (सांगणाऱ्यांची साखळी) फार कमजोर ठरवलीय, काहींनी तर बनावटच म्हटलंय. पण तुम्हाला तिची गरजच नाहीये. 'इल्म मिळवणं प्रत्येक मुसलमानावर फर्ज आहे' ही इब्ने माजा ह्या हदीससंग्रहातली हदीस बऱ्याच उलमांनी (धर्मपंडितांनी) मान्य केलीय, आणि त्यात बायका आल्याच, जसे नमाज-रोज्याच्या हुकमात येतात.

आता कुठला इल्म? इथे फर्जचे दोन प्रकार लक्षात घ्या. फर्जे ऐन म्हणजे ज्याच्या-त्याच्यावर असलेला, ईमान, नमाज, रोजा, हलाल-हराम एवढं तर प्रत्येकाला यायलाच पाहिजे, सूनबाईंनाही, ह्यात सूट नाही. फर्जे किफाया म्हणजे काही जणांनी केलं की बाकीचे सुटतात, पण कुणीच नाही केलं तर सगळेच गुन्हेगार, आणि मोठे धर्मपंडित इमाम गझालींनी (वफात, म्हणजे मृत्यू, ११११) वैद्यकी आणि हिशेब ह्याच खात्यात धरलेत. वर त्यांची तक्रार वाचण्यासारखी आहे, की कित्येक शहरांत एक मुसलमान हकीम नाही आणि सगळे फिक्ह (धर्माचा कायदा) शिकायला गर्दी करतायत, का तर त्यातून काझीपद मिळतं, वक्फ (धर्मादाय मालमत्ता) आणि यतीमांचा (अनाथांचा) माल हातात येतो! नऊशे वर्षांपूर्वीचं बोलणं आहे हे, मला तर दरवेळी हसू येतं.

अजून एक. ६२४ मध्ये मुसलमान आणि मक्केवाले ह्यांच्यात बद्रची लढाई झाली, त्यानंतर मुसलमानांच्या हाती लागलेल्या ज्या कैद्यांकडे सुटकेचे पैसे नव्हते पण लिहिता-वाचता येत होतं, त्यांना प्रत्येकी दहा मुलांना लिहायला शिकवून सोडलं असं सीरतमध्ये (पैगंबरांच्या चरित्रात) येतं. ते मक्केचे मुश्रिक (मूर्तिपूजक) होते, त्यांच्याकडून दीन थोडाच शिकायचा होता?

तेव्हा चीनचा विषय सोडा, त्यांना बद्रचं सांगा.