नवा पॅच लावण्याआधी जुना शोध

औषधाचा नवा पॅच, म्हणजे त्वचेवर चिकटवायची औषधाची पट्टी, हातात घेतलास की आधी पेशंटच्या अंगावरचा जुना पॅच शोध. पाठ, दंडाची मागची बाजू, स्तनांखालची घडी, सगळं बघ. पारदर्शक पॅच सहज नजरेतून सुटतो, आणि फेंटॅनिल या तीव्र वेदनाशामकाचे दोन पॅच एकाच वेळी अंगावर राहिले तर पेशंटचा श्वास मंदावू शकतो. मला अजूनही याची धास्ती वाटते, आणि ती वाटलेलीच बरी.

ग्लोव्हज घालच, औषध तुझ्याही त्वचेतून आत जातं. जागा कोरडी, जखम नसलेली हवी. केस असतील तर कात्रीने काप, रेझर नको. खरचटलेल्या त्वचेतून औषध जास्त शोषलं जातं. तळहाताने 30 सेकंद दाबून धर. दर वेळी जागा बदल.

ताप आलेल्या पेशंटकडे जास्त लक्ष दे. उष्णतेने शोषण वाढतं, म्हणून पॅचवर गरम पाण्याची पिशवी कधीच ठेवायची नाही. एमआरआयला पाठवण्याआधी डॉक्टरांना विचार, काही पॅचमध्ये धातूचा थर असतो आणि त्वचा भाजते.

काढलेल्या पॅचमध्येही औषध उरतं, चिकट बाजू आत दुमडूनच टाक. आणि फेंटॅनिल काढलं तरी त्याचा असर कित्येक तास राहतो, तेव्हा श्वास मोजत राहा.