सगळं करतोय, तरी हिला रडू का येतं?

"मॅडम, आम्ही काही कमी करत नाही. मालिश, शेक, अळीवाची खीर, डिंकाचे लाडू, सगळं वेळेवर. रात्री बाळ मी घेते. तरी ही रडते. काय कमी पडतंय ते तरी सांगा."

बाळंतिणीच्या आईकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता पहिल्या दोन शब्दांतच पुढचं कळतं. कधी सासू विचारते, कधी नवरा. आणि बाळंतीण एकटी भेटली की तोच प्रश्न उलटा करून विचारते, "सगळे माझ्यासाठी इतकं करतात, मग मला आनंद का होत नाही? मी आई व्हायच्या लायकीचीच नाही का?" दोन्ही प्रश्न एकाच छपराखालचे. पण ते एकमेकींना विचारले जात नाहीत, माझ्यापर्यंत येतात. म्हणून एका घराची गोष्ट सांगते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अश्विनी पुण्यात नोकरी करणारी. पहिलं बाळंतपण म्हणून कराडजवळच्या माहेरी आलेली. सिझेरियन झालं, मुलगी झाली. टाके दाखवायला गेली तेव्हा डॉक्टरांसमोर बोलता बोलता रडू लागली आणि ते थांबेना, म्हणून त्यांनी माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवलं. सव्वा महिना व्हायच्या आत उंबरा ओलांडायला लागला याचा तिच्या आईला राग होता. कानाला घट्ट रुमाल, पायात मोजे, अशी गुंडाळून त्यांनी तिला आणलं होतं, आणि खुर्चीत टेकायच्या आत माझा पंखा बंद करायला लावला.

बोलणं सुरू करण्याआधी मी दोन गोष्टी बघते. एक, रडू कधीपासून आहे. वार (प्लासेंटा) पडल्यावर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं एकदम खाली येतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमाराला दूध उतरतं, झोपेचा बोजवारा उडालेला असतो, आणि निम्म्याहून अधिक बाळंतिणींना काही कारण नसताना रडू येतं. ते साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. आपल्याकडे पाचवीच्या रात्री बाळंतिणीजवळ बायका जागतात. सटवाई नशीब लिहायला येते म्हणून जागायचं, असं सांगतात. पण रडू सगळ्यात जास्त येतं ते नेमके हेच दिवस, आणि मला तरी तो निव्वळ योगायोग वाटत नाही. संप्रेरकांचं नाव ठाऊक नसलं तरी या दिवसांत बाईला एकटं ठेवायचं नाही, एवढं जुन्या बायकांना नक्की ठाऊक होतं.

अश्विनीचा मात्र चौथा आठवडा चालू होता. बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, आवडीचं काही खावंसं वाटत नाही, बाळाकडे बघून "काहीच होत नाही". एडिंबरो प्रश्नावली नावाची दहा प्रश्नांची एक साधी चाचणी आहे, 1987 पासून जगभर वापरतात. तिच्यात अश्विनी काठावर होती. भारतातल्या अनेक पाहण्या एकत्र करून 2017 साली जो अंदाज आला, त्याप्रमाणे साधारण 22 टक्के मातांना प्रसूतीनंतर नैराश्य येतं. पाचातली एक. तेव्हा हे लाड नाहीत आणि नाटकंही नाहीत.

दुसरी गोष्ट रक्ताची. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासल्याशिवाय मी पुढे जात नाही. बाळंतपणानंतर काही जणींचं थायरॉइड बिघडतं आणि ते हुबेहूब उदासीसारखं दिसतं. अश्विनीचं हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं. लोहाच्या गोळ्या होत्या, पण "गोळ्यांनी उष्णता होते" म्हणून बंद केल्या होत्या. त्या परत सुरू झाल्या. ज्या बाईच्या अंगात रक्तच नाही तिला "विचार बदल" म्हणून सांगणं मला जमत नाही.

मग बोलायला बसलो. आई बाहेर बाळाला घेऊन. मी विचारलं, "दिवसभरात तुला कोणाकोणाचा हात लागतो?"

ती जरा गोंधळली. मग आठवत सांगू लागली. सकाळी मालिशवाल्या मावशी. पाठ रगडतात, टाक्यांच्या बाजूलाही दाबतात, नको म्हटलं तर "वात भरला की कळेल" म्हणतात. मग आई पोटपट्टा आवळते. आत्या आली की दूध येतंय का ते बघते, सरळ गाऊन बाजूला करून. मग बाळ, दर दोन तासांनी.

"यात कुणी विचारून हात लावतं?"

"बाळंतिणीला काय विचारायचं?" वाक्य तिचं नव्हतं, कुणाचं तरी ऐकून पाठ झालेलं होतं.

"आणि काही काम नसताना? नुसताच?"

ती बराच वेळ गप्प होती. "रोहित रविवारी येतो. तो बाळाला घेतो. मला हात लावायला घाबरतो, टाके आहेत ना." मग म्हणाली, "नाही. नुसता कुणाचाच नाही. मी आता सगळ्यांचं एक काम झालेय."

पुढच्या वेळी मी आईंना आत बसवलं. काकू म्हटल्यावर त्या जरा सैलावल्या. त्यांच्या बाळंतपणात कोण होतं, असं विचारलं. "कोण असणार? हिची आजी आधीच गेली होती. सासरीच झालं. विसाव्या दिवशी चुलीपुढं बसले. तेव्हाच ठरवलं, माझ्या लेकीला काही कमी पडू द्यायचं नाही."

म्हणजे लेकीच्या प्रत्येक रडण्यात त्यांना स्वतःची परीक्षा नापास झालेली दिसत होती, आणि त्यावर त्यांच्याकडे उपाय एकच होता, आणखी करायचं. आणखी एक लाडू, आणखी कढत पाणी.

मी सांगितलं, "काकू, रोज अर्धा तास हिच्याजवळ बसा. दूध, टाके, शी-शू, वजन हे विषय काढायचे नाहीत."

"नुसतं बसून काय होणार?"

पुढच्या भेटीत त्या आल्या त्याच हिशोब चुकता करायला. "पाच मिनिटांत उठले, मॅडम. दोघींनी एकमेकींचं तोंड बघत बसायचं म्हणजे कसंतरीच होतं."

"मग तोंड बघू नका. मेथी निवडायला घेऊन बसा."

हे मी गमतीनं म्हटलं नव्हतं. आपल्या घरांतल्या बायका समोरासमोर बसून मन मोकळं करतात असं मी फारसं पाहिलेलं नाही. त्या बोलतात शेंगा फोडताना, तांदूळ निवडताना, वाळवणाजवळ राखण करताना. हात कामात, नजर कामावर, आणि बोलणं मधल्यामधे. माझ्या समोरासमोरच्या दोन खुर्च्यांना हे जमत नाही, हे मला बऱ्याच आधी उमगलं, आणि तेव्हापासून मी घरचंच काहीतरी हाती देते.

मेथीच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी अश्विनीनं एक जुडी स्वतःकडे ओढली. पानं खुडता खुडता म्हणाली, "आई, मला थिएटरमध्ये वाटलं होतं मी मरणार." बाळाचे ठोके कमी झाल्यामुळे तिचं सिझेरियन अचानक, धावपळीत झालं होतं. काकूंनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "मी बाहेर तेच म्हणत होते. नारळ बोलले होते देवीला. तुला सांगितलंच नाही." मग दोघी रडल्या आणि, काकूंनी मला मुद्दाम सांगितलं म्हणून सांगते, त्या दिवशीची भाजी खारट झाली.

या प्रसंगावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्या बाईला प्रसूती होऊन महिना होत आला होता. बाळाचं वजन किती, रंग कुणाचा, नाक कुणाचं, दूध पुरतं का, हे तिला शंभर जणांनी विचारलं होतं. तुझं काय झालं, हे एकानेही नाही. ती सांगायला लागली की उत्तर ठरलेलं, "बाळ सुखरूप आहे ना? झालं तर मग." तिला माया कमी पडत नव्हती. जे घडलं ते सांगायला माणूस नव्हतं, आणि न सांगितलेलं तसंच आत बसून होतं. बाळाबद्दल "काहीच होत नाही" याचं निम्मं उत्तर मला तिथे मिळालं. जिचा जीव अजून थिएटरमध्ये अडकलाय तिने पाळण्यात कसा लावायचा?

मी विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाच्या विचारांना मानणारी आहे. बाळाला सुटं बघताच येत नाही, त्याला धरणारं कुणीतरी नेहमी सोबत असतं, असं ते म्हणत. मी ते एक पायरी पुढे नेते, धरणारीलाही धरणारं कुणी लागतं. आपल्या सव्वा महिन्याच्या चालीत हे मुळात होतं, आणि म्हणून मी तिला नावं ठेवत नाही. मात्र त्यातला धाक काढावा लागतो.

काय ठेवायचं आणि काय काढायचं, ते माझ्या अनुभवातून आणि डॉक्टरांना विचारून सांगते. मालिश जरूर करा, पण हलक्या हाताने, आणि "इथे दाबू का?" असं विचारून. सिझेरियन असेल तर पोट आणि टाके यांना डॉक्टर हो म्हणेपर्यंत हात नाही. डोकं, पाठ, हात, पावलं एवढं पुष्कळ झालं. पोटपट्टा श्वास अडेल असा आवळायचा नाही. त्याने पोट आत जात नाही, उलट खालच्या स्नायूंवर भार येऊ शकतो. बंद खोलीत बाजेखाली कोळशाची शेगडी आणि ओव्याची धुरी, हे सोडाच. कोळशाचा वायू आणि धूर आईलाही वाईट, बाळाला तर फारच. शेक हवा तर गरम पाण्याच्या पिशवीने घ्या. पाणी तोडून मापात देण्याची पद्धत अजून अनेक घरांत आहे. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान लागेल तेवढं पाणी मिळालंच पाहिजे, नाहीतर मलावरोध होतो आणि टाक्यांवर जोर येतो. लाडवांना माझी हरकत नाही, फक्त जेवणाच्या जागी लाडू नकोत.

आणि झोप. सलग चार-पाच तासांची एक झोप औषधासारखी काम करते. एक पाजणं झाल्यावर बाळाला दुसऱ्याने घ्यायचं, ढेकर, लंगोट, झोपवणं सगळं त्यानेच. अश्विनीच्या घरी शनिवारची रात्र रोहितने घेतली. टाक्यांची भीती वाटते तर डोक्याला तेल लाव, असं त्याला सांगितलं. त्याला ते येत नव्हतं, आणि अश्विनी म्हणते त्याला अजूनही येत नाही.

बाळाला बघताक्षणी माया उचंबळून आली पाहिजे, ही समजूतही सोडून द्या. अनेकींची ती आठवड्या-आठवड्यांनी वाढते, बाळ हसायला लागलं की जोर धरते. उशिरा आलेली माया कमी नसते.

काही वेळा मात्र मेथी पुरत नाही. दोन आठवड्यांनंतरही उदासी तशीच असेल किंवा वाढत असेल तर डॉक्टरांना सांगा. दूध पाजतानाही घेता येतील अशी औषधं आहेत, ती मानसोपचारतज्ज्ञ ठरवतात. "मी नसलेलीच बरी" असं ती म्हणाली, बाळाला काही करून बसेन अशी भीती बोलून दाखवली, तर तिला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि झोपेची गरजच वाटेनाशी झाली, भास होऊ लागले, बोलणं असंबद्ध झालं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. देवऋषाकडे जाऊन दिवस घालवू नका. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. शरीराचंही तेवढंच. तासाभरात पॅड भिजणं, 100.4 च्या वर ताप, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला दुर्गंधी, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, फार डोकं दुखून अंधारी येणं, यात घरगुती उपाय नकोत.

दवाखान्यात प्रसूती झाली तर आशाताई 42 दिवसांत सहा वेळा घरी येतात. त्या बाळाचं वजन करतात, पण आईचंही विचारतात. त्या वेळी खोलीत चार बायका बसून तिच्या वतीने उत्तरं देत असतात, त्यांनी पाच मिनिटं बाहेर जावं.

अश्विनी पुढच्या काही आठवड्यांत सावरली, औषधांची गरज पडली नाही. पण मी तिला तेवढ्यावर सोडलं नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या जणी माहेरी कोसळत नाहीत, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात माहेराहून परतल्यावर कोसळतात. तिथे मावशी नाहीत, आई नाही, नवरा नऊ वाजता बाहेर पडतो. म्हणून निघायच्या आधी आम्ही चौघांनी बसून कागदावर लिहिलं. स्वयंपाकाला बाई पहिल्या दिवसापासून, "बघू नंतर" नाही. सासूबाई येतील तो आठवडा आणि काकू येतील तो आठवडा वेगवेगळा, दोघी एकदम नकोत. शनिवारची रात्र रोहितची. त्याच इमारतीत नुकतीच बाळंत झालेली एक मुलगी आहे, तिचा नंबर रोहितने मिळवून आणायचा. काकूंनी शेवटी एक ओळ स्वतः घातली, रोज दुपारी फोन, आणि फोनवर बाळाचा विषय दुसरा.