दहावीच्या सुट्टीत मुलीला गावाच्या इतिहासावर प्रकल्प करायचा आहे. वाचनालयाचा उपयोग कसा करावा?

आधी विषय लहान करा. ‘ठाण्याचा इतिहास’ नको, ‘ठाण्याचे तलाव’ घ्या. मग थेट ग्रंथपालांना विचारा. मुलं लाजतात, पण असा नेमका प्रश्न आला की ग्रंथपाल मनापासून शोधून देतात. जिल्हा गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याची सविस्तर माहिती देणारा सरकारी ग्रंथ, नक्की मागा. जुनी गावं, पेठा, देवळं, पिकं यांची इतकी माहिती एका जागी क्वचितच मिळते. मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत आहे. नोंदीच्या शेवटी दिलेले संदर्भ टिपून तीच पुस्तकं वाचनालयात शोधायची. संदर्भग्रंथ सहसा घरी देत नाहीत, वही सोबत हवी. ठाण्यात असाल तर १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहेच. आणि प्रकल्पाबाहेरचं एखादं पुस्तक तिचं तिला निवडू द्या, रहस्यकथा असली तरी.