दाणे कोण घालतं?

"वय 68. सहकारनगरला एकटी राहते. ऑक्टोबरात मुलाकडे अमेरिकेत मिनियापोलिसला आले, एप्रिलपर्यंत मुक्काम. मुलगा-सून गुणी आहेत, काही कमी पडू देत नाहीत. पण बर्फ सुरू झाल्यापासून दिवस सरत नाही. सगळं पांढरं, चिडीचूप. मागच्या अंगणात पक्ष्यांसाठी दाण्याचं नळकांडं टांगलंय, तेवढाच विरंगुळा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत बसते. दाणे मुलगा शनिवारी घालतो, पडेन म्हणून मला बाहेर सोडत नाहीत. पुण्यात रोज पर्वती चढायचे, इथे रडू येतं. तिकीट बदलून लवकर परत यावं का? त्याचं मन दुखावेल का?"

ताई, तिकिटाचं राहू द्या. दाणे मुलगा घालतो, हे काय आहे?

पर्वतीच्या 103 पायऱ्या रोज चढणारी बाई मागच्या दाराच्या चार पायऱ्या उतरत नाही, आणि ते पत्रात एका ओळीत उरकते! पुण्यात गॅलरीतल्या चिमण्यांना पाणी ठेवायला तुम्ही कुणाला सांगत होतात? मुलगा गुणी असेल, पण तुम्हाला त्याने शोकेसमधली बाहुली करून ठेवलंय, आणि तुम्ही 'काही कमी नाही' म्हणत काचेमागे बसलात. दोघांचाही मला सारखाच राग आलाय.

त्या नळकांड्यावर चिकडी नावाची काळ्या टोपीची, गुबगुबीत, इवलीशी पाखरी येत असेल. वजन साधारण 11 ग्रॅम, दोन चमचे साखरेइतकं. थंडीच्या रात्री ती अंगाची ऊब दहा-बारा अंशांनी उतरवते, म्हणजे साठवलेली चरबी सकाळपर्यंत पुरते. दिवसा एकेक बी वेगवेगळ्या फटीत लपवते, आपल्या आया डाळीच्या डब्यात नोटा लपवायच्या तशी, आणि कुठे ठेवलं ते तिच्या लक्षात राहतं. (आयांच्या नेहमी राहायचं असं नाही.) मुलगा एखादा शनिवार विसरला तरी ती सहसा तगते, तिचं बरंचसं खाणं झाडांच्या सालीत असतं. उपास घडतो तो खिडकीतल्या बाईला.

म्हणून उद्यापासून दाणे तुम्ही घालायचे. रोज, आणि थोडेच. आठवड्याचं नळकांडं एकदम भरायचं नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी बाहेर पडायला कारण उरणार नाही. काळं सूर्यफुलाचं बी आणायला सांगा. पातळ सालाचं असतं, चिकडीला सहज फुटतं. मूठभर खाली बर्फावर टाका, राखाडी जंको पक्षी जमिनीवरच टिपतात. तांबडाभडक कार्डिनल पक्षी झुंजूमुंजूला आणि दिवेलागणीला येतो. तो तुम्हाला दिसला नसेल, तर त्या वेळी तुम्ही अंथरुणात नाहीतर टीव्हीसमोर असता.

जानेवारीत तिथे सूर्य उगवायला पावणेआठ वाजतात. तेव्हा जा. पुण्यात संध्याकाळचे सव्वासात झालेले असतात, पर्वतीच्या मैत्रिणी घरी असतात. आधी दाणे, मग फोन. सांगायला काहीतरी असेल.

पडण्याची भीती खोटी नाही. बर्फावर बर्फ दबून काच होते. बुटाच्या तळाला ताणून बसवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे मिळतात, ते हवेत. कठड्याला हात, पावलं बदकासारखी छोटी, आणि बोटांच्या हातमोज्यांऐवजी चारही बोटं एकत्र राहतात ते घ्या, जास्त ऊब देतात. उणे पंचविसात वारा सुटेल त्या दिवशी मात्र घरातच बसा, हट्ट नको.

मुलाचं मन दुखावेल का, असं विचारलंत. दुखावू दे थोडं. त्याला विचारायचं नाही, सांगायचं: "उद्यापासून दाणे मी घालणार, पायऱ्यांवर मीठ तेवढं टाकून जा." तो 'आई, कशाला' म्हणेल. म्हणू दे.

पहिले दोन-चार दिवस चिकडी लांबच्या फांदीवर बसून राहील. तिची तुमची ओळख कुठेय? रोज त्याच वेळी, तोच कोट घालून जा.

तिकिटाबद्दल मार्चमध्ये लिहा, त्याआधी मी उत्तर देणार नाही. आणि ते पट्टे बसवायचे बूट मुलाला एकट्याला आणायला पाठवू नका. या शनिवारी दुकानात तुम्हीही जा, जाड मोजे घालून. माप पायाचंच घ्यावं लागतं.