वकीलताईंना विचारा : ‘मेल केला होता’ एवढ्यावर भागतं का?

प्रश्न : वकीलताई, स.न.वि.वि. मी इचलकरंजीत चोवीस मागांचा खर्चीवाला, म्हणजे दुसऱ्याच्या सुताचं मजुरीवर कापड विणून देणारा कारखानदार आहे. एका व्यापाऱ्यानं बीम (उभ्या सुताचे रूळ) आणि बाण्याचं, म्हणजे आडवं सूत देऊन कापड विणून घेतलं. मजुरीचा दर, मीटर, कापड कधी द्यायचं, सगळं मेलवरच ठरलं. पहिल्या लॉटची मजुरी बँकेत जमा झाली. पुढच्या दोन लॉटची चार महिने अडकली आहे. आता व्यापारी म्हणतो, सही-शिक्क्याचा कागद दाखवा. मेल मुनीमजींनी त्यांच्या खासगी पत्त्यावरून केले, त्याच्याशी आमचा संबंध नाही. आणि कापड डागी होतं. ही डागाची गोष्ट मी गेल्या आठवड्यात फोनवर पहिल्यांदा ऐकली. माझी उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी आहे. रजिस्टर पोस्ट बंद झालं म्हणतात, मग नोटीस मेलनं पाठवली तर चालेल का?

उत्तर : दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा भक्कम आहे, पण ती आजच जपायला हवी.

सही-शिक्क्याच्या कागदावाचून असा व्यवहार अडत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 सालचा. त्यात 2008 च्या दुरुस्तीनं कलम 10अ घातलं गेलं. प्रस्ताव आणि होकार इलेक्ट्रॉनिक मार्गानं झाले, एवढ्याच कारणावरून करार नाकारता येत नाही, असं ते सांगतं. 2010 मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. सौदा बॉक्साइटचा, जहाजं भरून. रीतसर करारावर सह्या व्हायच्या राहिल्या होत्या, पण मेलवर प्रस्ताव गेला होता आणि होकार आला होता. न्यायालयानं करार पूर्ण झाल्याचं मानलं. जहाजभर खनिजाला जे लागू, ते तुमच्या कापडाच्या ताग्यांनाही लागू.

मुनीमजींचा मुद्दा मात्र हलका घेऊ नका. मेलमधला मजकूर जसा पाठवला तसाच आला, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. तो कुणी पाठवला हे मात्र गृहीत धरत नाही, ते आपल्याला दाखवावं लागतं. पण तुमच्याकडं दाखवायला पुष्कळ आहे. मेलमध्ये लिहिलेले बीम कुणाच्या चलनावर (मालासोबतच्या पावतीवर) तुमच्या कारखान्यात उतरले? कापड कुणाच्या गोदामात गेलं? पहिल्या लॉटची मजुरी कुणाच्या खात्यातून आली, आणि ती मेलमधल्या दरानंच आली ना? हे सगळे कागद त्या मेलशेजारी ठेवले की ‘आमचा संबंध नाही’ म्हणणं फार अवघड होतं. चलनबुक आणि बँकेचं स्टेटमेंट आजच काढून ठेवा.

आता डाग. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यात एक तरतूद आहे. ती प्रत्येक खर्चीवाल्यानं भिंतीवर लिहून ठेवावी असं मला वाटतं. माल किंवा काम मिळाल्यापासून 15 दिवसांत खरेदीदारानं लेखी हरकत घेतली नाही, तर ते स्वीकारलं असं धरलं जातं. फोनवरची तक्रार लेखी नव्हे, आणि तुमच्याकडं तर तीही चार महिन्यांनी आली. पैसे ठरल्या तारखेला द्यायचे, आणि लेखी काहीही ठरलं असलं तरी 45 दिवसांपलीकडं मुदत जात नाही. बाजारातली साठ-नव्वद दिवसांची पद्धत या कायद्यापुढं टिकत नाही. त्यापुढं रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. उद्यम नोंदणी या सौद्याच्या आधीची आहे ना, तेवढी तारीख तपासा. असेल तर लहान उद्योगांच्या थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सुलभीकरण परिषदेकडं ऑनलाइन अर्ज करता येतो.

मेल जपायचे कसे, हे जरा सविस्तर सांगते, कारण इथंच माणसं बुडतात. काही वर्षांपूर्वी माझ्याकडं एक सायझिंगवाले (सुताला खळ लावून देणारे) आले होते. प्लास्टिकच्या फाइलमध्ये साठेक मेलच्या प्रिंट, तारखेप्रमाणं लावलेल्या. मी विचारलं, मूळ मेल कुठं आहेत? अकाउंट कारकुनानं उघडलं होतं, पासवर्ड त्यालाच ठाऊक, आणि तो नोकरी सोडून गावी गेलेला. शोधला तेव्हा कळलं की जागा भरली म्हणून त्यानं जुने मेल पुसून टाकले होते. समोरच्या वकिलानं पहिलाच प्रश्न मुळाचा विचारला. शेवटी निम्म्याहून कमी रकमेवर तडजोड करावी लागली. त्या माणसाचं म्हणणं खरं होतं, हे मला आजही बोचतं.

प्रिंट ही नक्कल आहे. 2014 ची जालना विधानसभेची निवडणूक आठवते? त्यातल्या उमेदवारी अर्जाच्या वेळेवरून अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणाच्या सीडींचा. 2020 मध्ये न्यायालयानं सांगितलं, मूळ यंत्र हजर करत नसाल तर नकलेसोबत कायद्यातलं प्रमाणपत्र हवंच. 1 जुलै 2024 पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम 63 मध्ये हे प्रमाणपत्र दोन भागांत आहे. पहिला भाग ज्याच्या ताब्यात संगणक किंवा मोबाईल आहे त्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य द्यायचं. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलतो.

म्हणून आज रात्रीच बसा. जीमेल संगणकावर उघडा, मेलच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर दाबा, ‘शो ओरिजिनल’ निवडा. किचकट अक्षरांचं पान उघडेल, घाबरू नका. त्यात ‘रिसीव्ह्ड’ नावाच्या ओळी दिसतील. मेल कोणत्या सर्व्हरवरून कोणत्या सर्व्हरवर, किती वाजून किती सेकंदांनी आला, ते तिथं असतं. त्याच पानावरून मूळ फाइल उतरवून घ्या. पेनड्राइव्हवर एक प्रत, मुलाच्या संगणकावर एक. मूळ मेल मात्र जागचा हलवू नका, आणि कुणाला फॉरवर्ड करून तोच पुरावा समजू नका. फॉरवर्ड केलेला मेल हा नवा मेल असतो.

राहिली नोटीस. टपाल खात्यानं 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं. सेवा नाहीशी झालेली नाही. तुम्ही नोटीस स्पीड पोस्टनं पाठवा, पोहोच घ्या, आणि त्याच दिवशी तीच नोटीस मेलनंही पाठवा. मेल पोहोचला कधी म्हणायचा, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 13 मध्ये आहे. समोरच्यानं एखादा पत्ता नेमून दिला असेल, तर मेल त्या पत्त्याच्या यंत्रणेत शिरला की मिळाला, त्यानं उघडो वा न उघडो. नेमून दिलेल्या पत्त्याऐवजी दुसरीकडं पाठवला, तर तो उघडून काढून घेईल तेव्हाच मिळाला. पत्ता नेमलेलाच नसेल, तर त्याच्या कोणत्याही यंत्रणेत शिरला की मिळाला. म्हणून पुढच्या सौद्यात पहिल्याच मेलला एक वाक्य लिहा : ‘या व्यवहारासाठी आमचा अधिकृत पत्ता हा, तुमचा अधिकृत पत्ता कळवा.’ त्याचं उत्तर आल्याशिवाय बीम उतरवून घेऊ नका.

प्रश्न : आम्ही इटलीतून वापरलेले रेपियर (बिनधोट्याचे) माग आणले. दोन मागांचे कंट्रोल बोर्ड खराब निघाले. तिथल्या कंपनीच्या पत्रावर साध्या मेलखाली ‘पेक’ असा वेगळा पत्ता आहे. मी जीमेलवरून त्यावर तक्रार पाठवली, उत्तर नाही. हा पत्ता कसला?

उत्तर : इटलीत टपालखात्याच्या पोहोच पावतीच्या रजिस्टर पत्राइतकाच कायदेशीर मानलेला एक मेल आहे. पोस्ता एलेत्रोनिका चेर्तिफिकाता, म्हणजे प्रमाणित इलेक्ट्रॉनिक टपाल, त्याचं हे लघुरूप. नियम 2005 चे, आणि कंपन्यांना असा पत्ता ठेवणं 2008 च्या कायद्यानं भाग पाडलं. पाठवणाऱ्याला दोन पावत्या येतात. एक, त्याच्या सेवादारानं मेल स्वीकारल्याची. दुसरी, समोरच्याच्या पेटीत पडल्याची. दोन्हींवर वेळ असते, आणि सेवादार त्या नोंदी 30 महिने जपतात. ‘मिळालाच नाही’ म्हणायला जागा उरत नाही. आपल्याकडं सगळ्या व्यावसायिकांना सक्तीची अशी व्यवस्था नाही. ती असावी असं मला मनापासून वाटतं, लहान कारखानदाराची निम्मी धावपळ वाचेल.

पण ही ताकद दोन्ही टोकांना पेक असेल तरच. जीमेलवरून गेलेल्या मेलला त्या पावत्या मिळत नाहीत, आणि काही पेट्या साधा मेल आतही घेत नाहीत. आधी तुमच्या खरेदी करारात तक्रार कोणत्या पत्त्यावर आणि किती दिवसांत करायची ते पाहा. तिथं साधा मेल लिहिला असेल, तर त्यावरच बोर्डांचे फोटो आणि मागाचे अनुक्रमांक घालून पुन्हा पाठवा. रक्कम मोठी असेल तर तिथला वकील गाठा. इटलीतल्या प्रत्येक नोंदणीकृत वकिलाला पेक पत्ता ठेवावाच लागतो, आणि त्याच्याकडून गेलेली नोटीस तिथं रजिस्टर पत्रासारखी मोजली जाते.

प्रश्न : जीएसटीचा आदेश निघाला, आम्हाला नोटीससुद्धा आली नव्हती. चौकशी केल्यावर कळलं, नोंदणीत जुन्या करसल्लागाराचा मेल आणि मोबाईल आहे. आता काय?

उत्तर : ताई, हे प्रकरण आठवड्याला एक तरी येतं. जीएसटी कायद्याच्या कलम 169 प्रमाणं नोंदणीतल्या मेलवर पाठवलेली किंवा पोर्टलवर ठेवलेली नोटीसही बजावणी धरली जाते. आदेश कळवल्यापासून तीन महिन्यांत अपील करता येतं. सबळ कारण दिलं तर आणखी एक महिना मिळू शकतो. त्यामुळं आदेशाची तारीख आधी पाहा आणि अपील लगेच दाखल करा. मेल जुन्या सल्लागाराकडं जात होता, हे कागदानिशी अपिलात मांडा. दुसरं काम पोर्टलवर अधिकृत स्वाक्षरीदाराचा मेल आणि मोबाईल बदलण्याचं. त्याला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही, ओटीपीवर होतं. नवा पत्ता दुकानाचा ठेवा, पासवर्ड स्वतःकडं ठेवा, आणि दर सोमवारी पोर्टलवरची नोटिशींची जागा उघडून पाहा.